यवतमाळचा कापूस आणि गळ्यातला टाय : एक आढावा

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीची टोबणी आणि शाळांची सुरुवात जवळपास एकाच वेळी येते. त्याच दिवसांत वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवड्याच्या दुकानांत शाळेचे टाय विकायला लागतात. गाठ आधीच शिवलेली, मागे इलॅस्टिक, कापड पॉलिस्टरचे. चार लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर कापूस घेणाऱ्या या जिल्ह्यातल्या मुलांच्या गळ्यातल्या त्या टायमध्ये कापसाचा धागा नसतो.

टाय ही वस्तू लहान आहे आणि अनेकांना ती गौण वाटेल. पण कपाशीपासून सुरू होणाऱ्या साखळीचे ते अगदी टोकाचे कडे आहे. सूत, रंग, वीण, कापणी, हातशिलाई आणि विक्री यांतली एक जरी पायरी कच्ची राहिली तरी ते टाय बांधल्यावर दिसते. म्हणून जिल्ह्यात कापसावर प्रक्रिया कशी व्हावी, हा जुना वाद हाताने शिवलेल्या टायच्या निमित्ताने पुन्हा मांडून पाहता येतो. या वादात आज कोण काय म्हणतो आणि कुठे उत्तर मिळालेले नाही, ते इथे क्रमाने पाहू.

कापूस गेला, कापड आले

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. तेव्हाच्या वणी जिल्ह्याचे नाव 1905 मध्ये यवतमाळ झाले. त्याच सुमारास मूर्तिजापूर ते यवतमाळ ही 113 किलोमीटरची अरुंद रेल्वे धावू लागली. लोक आजही तिला जिव्हाळ्याने ‘शकुंतला’ म्हणतात. किलिक निक्सन या कंपनीची ही गाडी मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठी होती. माल मूर्तिजापूरला मोठ्या मार्गावर चढे, मुंबईला जाई आणि तिथून जहाजावर.

जिनिंग आणि प्रेसिंग जिल्ह्यात आले, कारण गाठी बांधल्याशिवाय कापूस दूर पाठवणे परवडत नव्हते. कताई आणि विणाई मात्र इतरत्र वाढली. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल काढली. पुढे हिंगणघाट, पुलगाव, अचलपूर, बडनेरा इथे गिरण्या उभ्या राहिल्या. गावोगावच्या विणकरांचा धंदा या काळात कसा बसत गेला, याची मांडणी लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवरच्या 1997 च्या इंग्रजी ग्रंथात केली आहे. स्वस्त गिरणी-कापडाने विणकर धंद्यातून उठला आणि कापसाच्या लागवडीने ज्वारीची जागा घेतली, हे दोन बदल ते एकत्र ठेवून पाहतात.

स्वातंत्र्यानंतर सरकारचे लक्ष खरेदीवर राहिले. 1971 च्या कायद्याने आलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना जवळपास तीन दशके चालली. भाव, चुकारे, ग्रेड आणि खरेदी केंद्र या शब्दांभोवती दोन पिढ्यांचे राजकारण फिरले. सहकारी सूतगिरण्या निघाल्या, पण त्यांतल्या बऱ्याच राज्यभर अडचणीत आल्या. एम्प्रेस मिल बंद पडली. अचलपूरची फिनले मिल कोरोनाच्या टाळेबंदीत थांबली.

यवतमाळात कापड तयार होतच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. लोहारा एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना 1990 च्या दशकापासून आहे. 2006 मध्ये बेल्जियमच्या यूको कंपनीशी त्याची भागीदारी झाली. डेनिमची वीण तिरपी, म्हणजे ट्विल. टायसाठी छापील रेशीम वापरतात तेही बहुधा ट्विल विणीचेच. म्हणजे विणण्याचे तंत्र जिल्ह्यात पोचलेले आहे. ते एका मोठ्या आवारात आहे आणि त्याचा माल एका विशिष्ट बाजारासाठी बनतो, एवढाच फरक.

चांगला टाय कशाने बनतो

वादात उतरण्याआधी ही वस्तू नीट समजून घेऊ, कारण अनेक मतभेद तिच्या बांधणीतूनच निघतात.

गळ्याभोवती कापड बांधण्याची युरोपातली रीत सतराव्या शतकातल्या क्रोएशियन सैनिकांकडून फ्रान्समध्ये गेली, असे मानले जाते. आजच्या टायचा घाट मात्र शंभर वर्षांचा आहे. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ या कारागिराने टाय उरेब कापून तीन तुकड्यांत जोडण्याची पद्धत रूढ केली. उरेब म्हणजे ताण्याबाण्याला पंचेचाळीस अंशांत कापलेले कापड. त्याला लवचीकपणा येतो, गाठ छान बसते आणि सोडल्यावर टाय पुन्हा सरळ होतो. सरळ पट्ट्यांचे कापड उरेब कापले की टायवर तिरप्या रेघा आपोआप येतात.

आत लोकरीची किंवा लोकरमिश्रित पट्टी असते. तिच्यावर कापडाच्या दोन्ही कडा दुमडून मागच्या बाजूने एकाच लांब धाग्याचा सैल धावदोरा घालतात. टाय ओढला-ताणला की कापड या धाग्यावर सरकते, म्हणून ते उसवत नाही. दोन्ही टोकांना जाड टाका, आत अस्तर, मागे छोटा लूप. यंत्राच्या घट्ट शिवणीने टायला पीळ पडतो. ‘हाताने शिवलेला’ या शब्दांना किंमत आहे ती या सैल धाग्यामुळे.

जगात याची मोठी केंद्रे म्हणजे इटलीतले कोमो, इंग्लंडमधले मॅकल्सफील्ड आणि चीनमधले शेंगझो. इटलीच्या नामांकित टायचे कापड बहुतेक वेळा यंत्रावर विणलेले असते, शिलाई हाताची असते. आपल्याकडे मात्र ‘हस्तनिर्मित’ म्हटले की ग्राहक हातमागाचे कापड गृहीत धरतो. त्यावर शिलाई मशीनची असली तरी त्याला चालते. एका शब्दाच्या या दोन समजुतींकडे पुढे वळूच.

सुती टाय करायचा तर आणखी अडचणी येतात. हातसूत कमीजास्त जाडीचे असते, त्यामुळे उरेब कापलेली खादी एका बाजूला वळते. कापड आधी धुऊन आटवले नाही तर बाहेरचे कापड आणि आतली पट्टी वेगवेगळी आटतात आणि टायला सुरकुत्या पडतात. हातमागाचा पन्हा अरुंद असला की उरेब कापताना चिंध्या जास्त निघतात. शिंप्याला ठाऊक असलेल्या या गोष्टी धोरणाच्या कागदात येत नाहीत.

पहिली भूमिका : मोठा उद्योग

पहिल्या मताचे लोक म्हणतात की प्रश्न रोजगाराचा आहे आणि तो आकाराशिवाय सुटणार नाही. राज्याचे 2023-28 चे एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरण याच दिशेचे आहे. विदर्भाला त्यात स्वतंत्र विभाग म्हणून सवलती आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क मंजूर झाले. 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. जिनिंगपासून तयार कपड्यापर्यंत सगळे एका आवारात आणायचे, वाहतुकीचा खर्च वाचवायचा, असा हा विचार.

या मताला बळ देणारा एक हिशेब मी ढोबळ मानाने करून पाहिला. एका सुती टायला, चिंध्या आणि कताईतली तूट धरून, पाव किलोच्या आसपास कापूस लागेल. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे एका टायमध्ये शेतकऱ्याचा माल वीस रुपयांचा. जिल्ह्याने वर्षाला एक लाख टाय विकले, तरी त्यांना 250 क्विंटल कापूस पुरेल. कोरडवाहू शेतीत पंचवीस-तीस हेक्टरांवर तेवढा निघतो. चार लाख हेक्टरांपुढे हा आकडा नगण्य आहे. टाय, स्टोल, पिशव्या यांनी जिल्ह्याचा कापूस खपेल असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

दुसरी भूमिका : खादी आणि विकेंद्रित कताई

दुसरा प्रवाह शेजारच्या वर्धा जिल्ह्यातून येतो. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे काम मगनवाडीत सुरू झाले. त्याच वर्षी विनोबांच्या प्रेरणेने ग्रामसेवा मंडळ निघाले. 1938 मध्ये गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. ग्रामसेवा मंडळ गोपुरीत खादीचे काम करते. मगन संग्रहालय समितीने सेंद्रिय कापूस आणि वनस्पतिजन्य रंग वापरून ‘मगन खादी’ उभी केली. यवतमाळहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढ्या अंतरावर कापूस ते कापड हा सगळा प्रवास पाहायला मिळतो.

या पक्षाचा मुख्य मुद्दा तांत्रिक आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. जिनिंगनंतर रुई प्रचंड दाबाखाली गाठीत बांधतात आणि मग गिरणीत ती पुन्हा मोकळी करावी लागते. त्यासाठी मोठी यंत्रे लागतात, म्हणून गिरणी मोठीच काढावी लागते. शेजारच्या आंध्र-तेलंगणात उझरम्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मल्खा’ हा प्रयोग केला. त्यांनी गाठ बांधण्याची पायरीच वगळली आणि मोकळ्या रुईपासून छोट्या यंत्रांवर सूत काढून हातमागाला दिले. असे कापड मऊ आणि रंग चांगला धरणारे होते. जिथे कापूस पिकतो तिथेच सूत निघू शकते, हे त्यांनी करून दाखवले.

विरोधकांचे आक्षेपही खरे आहेत. हातसुताची मजुरी कमी पडते. तरुण मुली अंबर चरख्यावर बसायला तयार नसतात. खादीची विक्री रिबेट आणि सरकारी खरेदीवर टेकलेली असते. मल्खासारख्या प्रयोगांनाही बराच काळ बाहेरच्या मदतीचा आधार लागला. सूत महाग पडले तर टाय महाग होतो आणि मग त्याचा ग्राहक यवतमाळात न राहता पुण्या-मुंबईत शोधावा लागतो.

तिसरी भूमिका : थोडा माल, मोठी किंमत

तिसऱ्या मताच्या लोकांना कापसाचा आग्रह नाही. टाय रेशमाचाच शोभतो, तर विदर्भाकडे स्वतःचे रेशीम आहे, असे ते म्हणतात. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या भागात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा निघतो. ढिवर समाजातली कुटुंबे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत आणि कोष्टी विणकर त्याचे कापड विणतात. करवती काठाच्या टसर साडीला भौगोलिक मानांकनही आहे. टसरचा खरखरीत, मधाळ पोत टायला शोभतो आणि त्याची गाठ घसरत नाही. मराठवाड्यातला हिमरू, येवला-पैठणची पैठणी यांच्या कापडातूनही टाय आणि बो बनू लागले आहेत. लग्नात नवरीच्या पैठणीला जुळणारा टाय नवरदेवाच्या कोटावर घालण्याची हौस वाढते आहे.

यवतमाळची या प्रवाहातली खरी पुंजी मला वेगळीच वाटते. पुसद, दिग्रस, आर्णी, दारव्हा या पट्ट्यात बंजारा समाजाचे तांडे आहेत. फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) यांवरचे आरसे, कवड्या, दाट भरलेले टाके हे या बायकांच्या हातातले काम आहे. कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले, बाजार मिळाला. आपल्याकडे ही कला जत्रेच्या स्टॉलपर्यंतच पोचली आहे. टायच्या टोकावर किंवा आतल्या अस्तरावर चार बोटे भरतकाम केले तरी वस्तू जिल्ह्याची म्हणून ओळखू येईल. त्यासाठी आधी त्या बाईच्या टाक्याची मजुरी ठरली पाहिजे आणि नमुन्यावर नाव तिच्या समाजाचे राहिले पाहिजे. शहरातल्या डिझायनरने नमुना उचलून न्यायचा आणि तांड्यावर रोजंदारी पाठवायची, हा प्रकार इतर कलांच्या बाबतीत पुष्कळदा घडलेला आहे.

शेतकरी चळवळीचा प्रश्न

चौथा आवाज या चर्चेत नेहमी उशिरा ऐकला जातो. प्रक्रिया, मूल्यवर्धन, ब्रँड हे सगळे नंतर, आधी कापसाला भाव द्या, असे तो म्हणतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाविरुद्ध उभे केलेले आंदोलन इथे आठवले पाहिजे. ते धोरण कृत्रिम धाग्याला झुकते माप देते, असा त्यांचा आक्षेप होता. त्या कापडाला त्यांनी ‘राजीवस्त्र’ म्हटले आणि सुती कापड वापरण्याची हाक दिली. शाळेच्या पॉलिस्टर टायकडे पाहताना त्या आंदोलनाचे म्हणणे आजही लागू पडते.

या गटाला खादीवाल्यांची सेंद्रिय कापसाची अटही सहज मान्य होत नाही. 2002 मध्ये बीटी कापूस आल्यानंतर देशी वाण जवळपास बाजूला पडले. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे एकेए-7 सारखे देशी वाण कोरडवाहूत तग धरतात, पण आखूड धाग्याच्या कापसाला व्यापारी भाव देत नाही. दुसऱ्या बाजूला 2017 मध्ये याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले. कमी फवारणीच्या कापसाचा विचार यवतमाळात चैनीचा राहिलेला नाही. तरीही धोका पत्करणाऱ्या शेतकऱ्याला जास्तीचे पैसे कोण देणार, हे कोणत्याच पक्षाने नक्की केलेले नाही.

टाय हवाच कशाला?

हा आक्षेप जुना आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या जिल्ह्यात मुलांच्या गळ्याला फास कशाला, असे पालकही विचारतात. स्वदेशीच्या परंपरेत टाय साहेबी थाटाचे चिन्ह ठरला. पण विदर्भात याची दुसरी बाजू तितकीच ठळक आहे. गावागावांतल्या पुतळ्यांत आणि घराघरांतल्या तसबिरींत बाबासाहेब आंबेडकर कोट-टायमध्ये उभे आहेत. ज्यांना नीटनेटके कपडे घालण्याचीही मनाई होती, त्यांच्यासाठी तो टाय शिक्षणाची आणि बरोबरीची खूण आहे. महाडला 1927 मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ, नीट कपडे घालण्याबद्दल सांगितले, तेही याच विचारातून. त्यामुळे टायला परका म्हणून मोडीत काढणे यवतमाळात तरी शक्य नाही. उन्हाळ्यात सक्ती नको, एवढे मात्र दोन्ही बाजूंना पटण्यासारखे आहे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न नावाचा. हातमागाच्या कापडाला 2006 पासून हँडलूम मार्क आहे, खादीला 2013 च्या नियमांनुसार खादी मार्क आहे. हातशिलाईला असा कोणताच शिक्का नाही. हातमागासाठी वस्तू राखून ठेवणाऱ्या 1985 च्या कायद्यात सुरुवातीला 22 वस्तू होत्या, आता 11 उरल्या आहेत आणि टाय त्यांत नाही. यंत्रमागाचे कापड घेऊन ‘हस्तनिर्मित’ म्हणून विकणाऱ्याला अडवणारे काही नाही.

दुसरा प्रश्न कराचा. सप्टेंबर 2025 पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर पाच टक्के आणि त्यापुढे अठरा टक्के जीएसटी आहे. टायही त्यातच मोडतो. टसरचा, हाताने शिवलेला, भरतकाम केलेला टाय ही सीमा ओलांडू शकतो. म्हणजे ज्या वस्तूत मजुरीचा वाटा सर्वांत मोठा, तिच्यावर कर जास्त.

तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न साखळीच्या मधल्या भागाचा. जिल्ह्यात कापूस आहे, जिनिंग आहे. दुसऱ्या टोकाला शिलाई मशीन चालवणाऱ्या बायका आहेत, महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ अभियानाच्या बचत गटांचे जाळे आहे. मध्ये पोकळी आहे. पाच-दहा किलोच्या मापात मिळणारे एकसारखे सूत, पक्का रंग देणारी आणि सांडपाणी शुद्ध करणारी छोटी रंगशाळा, कापड आटवून इस्त्री करण्याची सोय, टायच्या आतली पट्टी यांतले काहीच सहज हाताशी नाही. योजना एकतर शेताच्या टोकाला पैसे देतात किंवा शिलाई मशीन वाटतात. 2024-25 मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ योजनेत बचत गटांना शिलाईचे काम मिळाले. कापड मात्र वरून एकत्र खरेदी झाले, गणवेश उशिरा पोचल्याच्या आणि मापात न बसल्याच्या तक्रारी राज्यभर आल्या आणि पुढच्या वर्षी अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. बायकांना शिवता येत नव्हते म्हणून ही योजना अडखळली नाही. कापड, माप आणि वेळ यांचा मेळ घालणारी व्यवस्था नव्हती.

माझे मत असे की मोठा उद्योग आणि हातकाम यांतून एकच निवडण्याची सक्ती यवतमाळवर नाही. जिल्ह्याचा बहुतांश कापूस पार्क आणि गिरण्यांकडेच जाणार आणि तिथे त्याला चांगला भाव मिळावा यासाठी भांडले पाहिजे. टायसारख्या वस्तूंनी कापूस खपणार नाही, पण मजुरी खपते. वीस रुपयांच्या कापसावर सूत, रंग, वीण आणि शिलाईचे जे काही चढते, ते जिल्ह्यातल्या हातांत पडू शकते. त्यासाठी सरकारचा पहिला खर्च मधल्या पोकळीवर व्हावा : एक छोटे कताई केंद्र, एक रंगशाळा, एक फिनिशिंगची खोली.

आणि ग्राहक दूर शोधायला नको. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना खादी घालण्याचा नियम आहे. संस्थेने ठरवले तर मागणी तयार होते, याचे उदाहरण शेजारीच आहे. यवतमाळच्या शाळा टाय विकत घेतच आहेत. पुढच्या जूनसाठी त्यांतल्या काहींनी तरी पॉलिस्टरऐवजी जिल्ह्यातल्या गटाकडून शिवलेल्या सुती टायची मागणी नोंदवावी, ती ऑक्टोबरातच नोंदवावी आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. सूत, रंग आणि शिलाईला तेवढा वेळ लागतो.